पैसे कोणाचे, हे आधी विचारा: प्रचाराच्या जाहिराती आणि लोकप्रतिनिधींचा हिशोब

ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका मतदाराचा प्रश्न थोडक्यात असा आहे: निवडणूक आली की माजिवड्यापासून गायमुखपर्यंत फलकच फलक, मोबाइलवर रील, भरदुपारी रेकॉर्ड केलेले फोन. त्यातल्या निम्म्या गोष्टी खोट्या. या जाहिरातींना काही कायदा आहे का? नसेल तर काय सुधारणा हवी? आणि निवडून गेलेल्याला नंतर जाब विचारायचा, तर सामान्य माणसाच्या हातात नेमकं काय असतं?

पहिलं उत्तर कडू आहे. राजकीय जाहिरातीतला दावा खरा की खोटा, हे प्रसिद्धीआधी तपासणारं आपल्याकडे कोणीही नाही. शिकवणी वर्गाने किंवा बिल्डरने खोटी जाहिरात केली तर ग्राहक संरक्षण कायदा आहे, महारेरा आहे, जाहिरात व्यवसायाची स्वतःची एएससीआय ही संस्था आहे. राजकीय जाहिराती मात्र एएससीआयच्या संहितेत येत नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) मध्ये खोट्या विधानाचा उल्लेख आहे, पण तो उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल, वर्तनाबद्दल किंवा उमेदवारीबद्दलच्या खोट्यापुरता, आणि तोही निवडणूक याचिकेत सिद्ध करावा लागतो. ‘प्रभागाचा पाणीप्रश्न कायमचा सोडवला’ हे धडधडीत खोटं असलं तरी या कलमात बसत नाही.

पैशाच्या बाबतीत मात्र कायदा बऱ्यापैकी बारीक आहे. जाहिरात कोणी छापली, पैसे कोणी दिले, किती दिले, कधी दिले, ते उमेदवाराच्या खर्चाच्या वहीत चढले का, यासाठी कलमं आहेत, नमुने आहेत, मुदती आहेत, अधिकारी नेमलेले आहेत. म्हणून ‘हा खोटं बोलतो’ अशी तक्रार फाइलला लागते आणि ‘या फलकाचा खर्च कोणाच्या खात्यात आहे’ या तक्रारीला उत्तर द्यावं लागतं. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी दार नीट ओळखा

सगळ्यात जास्त तक्रारी चुकीच्या दारात गेल्यामुळे मरतात. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. महापालिका, जिल्हा परिषद, नगरपरिषद राज्य निवडणूक आयोगाकडे. दोन्ही आयोग स्वतंत्र, नियम वेगळे, ॲप वेगळी. सी-व्हिजिल हे भारत निवडणूक आयोगाचं तक्रारीचं ॲप. ते महापालिकेच्या निवडणुकीत चालत नाही. तिथे महापालिकेचा आचारसंहिता कक्ष आणि तुमच्या प्रभागाचा निवडणूक निर्णय अधिकारी.

विधानसभेला ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, मुंब्रा-कळवा, ऐरोली आणि बेलापूर या सगळ्यांचे जिल्हा निवडणूक अधिकारी एकच: ठाण्याचे जिल्हाधिकारी. नवी मुंबईकरांना हे अनेकदा लक्षात येत नाही आणि ते विधानसभेच्या काळात आधी बेलापूरच्या पालिका मुख्यालयात खेटे घालतात. खर्चाचा विषय कोर्ट नाक्याला, जिल्हाधिकारी कार्यालयात; पालिकेकडे फक्त फलक काढण्याचं काम.

मर्यादाही वेगळ्या. विधानसभेला महाराष्ट्रात उमेदवारामागे ४० लाख रुपये, लोकसभेला ९५ लाख. हे आकडे जानेवारी २०२२ पासूनचे. १५ जानेवारी २०२६ ला झालेल्या महापालिका निवडणुकीत ठाण्याला उमेदवारामागे १३ लाख आणि नवी मुंबईला ११ लाखांची मर्यादा होती. ठाण्यात ३३ प्रभागांत १३१ जागा, नवी मुंबईत २८ प्रभागांत १११. म्हणजे बहुतेक प्रभाग चार जणांचे. एका पॅनेलची मिळून मर्यादा ठाण्यात ५२ लाख, नवी मुंबईत ४४ लाख झाली. चौघांचे चेहरे असलेल्या एका फलकाचा खर्च चौघांत विभागून चढायला हवा. एकाच्या वहीत तो दिसतो आणि उरलेल्या तिघांच्या वहीत रकाना कोरा असतो, ही विसंगती शोधायला हिशोबतपासनीस लागत नाही. चार वह्या शेजारी ठेवल्या की पुरे.

घड्याळ कधी सुरू होतं

उमेदवाराच्या खर्चाचं घड्याळ लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ नुसार नामनिर्देशनाच्या, म्हणजे उमेदवारी अर्ज भरण्याच्या, दिवशी सुरू होतं आणि निकालाच्या दिवशी थांबतं. त्याआधी सहा महिने गोविंदांना वाटलेले टी-शर्ट, गणपतीतल्या कमानी, वाढदिवसाचे ‘शुभेच्छुक’ फलक, नवरात्रीतले पास, भाऊबीजेच्या भेटी, यातलं काहीही या मर्यादेत येत नाही. ठाण्यातला खरा प्रचार दहीहंडीपासून सुरू होतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण कलमाला ठाऊक नाही. एक अपवाद ध्यानात ठेवा: साहित्य आधी छापलेलं असलं तरी अर्ज भरल्यानंतर वापरलं तर त्याचा खर्च धरावा लागतो. म्हणून जुना फलक अर्जाच्या दिवसानंतरही उभा असेल, तर त्या दिवशीचा फोटो काढून ठेवा. आदल्या महिन्यातल्या फोटोला इथे किंमत नाही.

दुसरं भगदाड पक्षाच्या खर्चाचं. उमेदवाराला मर्यादा, पक्षाला नाही. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरायला हवा. त्याच वर्षी अध्यादेश काढून कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडलं गेलं आणि ती वाट बुजवली. पुढे कायदा आणखी बदलला, पण सर्वसाधारण पक्षप्रचार आणि स्टार प्रचारकांचा प्रवास आजही उमेदवाराच्या मर्यादेबाहेर आहे. मान्यताप्राप्त पक्षाला ४० स्टार प्रचारक जाहीर करता येतात.

मात्र ही सूट जितकी सांगितली जाते तितकी मोठी नाही. स्टार प्रचारकाच्या सभेत उमेदवार मंचावर आला, किंवा सभेच्या फलकावर त्याचं नाव-छायाचित्र असलं, तर मंडप, ध्वनिक्षेपक, खुर्च्या यांचा खर्च त्याच्याकडे वळतो. दोन-तीन उमेदवार असतील तर समान वाटून. ‘ती पक्षाची सभा होती’ असं उत्तर आलं की फक्त मंचाचा फोटो पुढे करायचा.

फलक: काय बघायचं, काय लिहायचं

फलक दिसला की चार गोष्टी बघा.

एक, खालच्या कोपऱ्यात मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता. त्याच कायद्याच्या कलम १२७अ नुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर आणि भित्तिपत्रकावर ते हवंच. होर्डिंगलाही ते लागू आहे, हे आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा बजावलं. छापण्याआधी प्रकाशकाने स्वतःची ओळख सांगणारं प्रतिज्ञापत्र दोन प्रतींत द्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या घ्यायच्या. छापल्यावर मुद्रकाने त्यातली एक प्रत आणि छापील साहित्याचा नमुना जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. सभेची फक्त तारीख-वेळ-ठिकाण सांगणारं पत्रक यातून सुटतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा हसण्यासारखा आहे, पण कैदेच्या धाकाने फ्लेक्स छापणारा घाबरतो, आणि त्याच्याकडच्या बिलातून पैसे देणारा सापडतो. म्हणून तक्रारीत मुद्रकाने पाठवलेली प्रतिज्ञापत्राची प्रत मागायला विसरू नका.

दोन, पालिकेचा परवानगी क्रमांक आणि मुदत. सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ ला दिलेला निकाल बेकायदा फलकांबाबत राज्यातल्या सगळ्या महापालिकांना बांधील आहे. परवानगीचा तपशील फलकावरच दिसला पाहिजे, ही त्यातली कामाची गोष्ट. विनापरवाना फलक हा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा, १९९५ खाली गुन्हा आहे. निवडणूक असो-नसो, हा कायदा बारा महिने लागू असतो; वाढदिवसाच्या फलकांवर हाच उपाय.

तीन, जागा कोणाची. इथे ठाणे आणि नवी मुंबईत गुंता होतो. सेवा रस्त्यावरचा खांब पालिकेचा, मेट्रोचा खांब आणि पत्रे एमएमआरडीए या महानगर प्राधिकरणाचे, विजेचा डीपी महावितरणचा, नवी मुंबईत मोकळा भूखंड सिडकोचा, तुर्भे-महापे-रबाळे पट्ट्यात एमआयडीसीचा. पालिकेचा माणूस ‘ही आमची हद्द नाही’ म्हणतो आणि खोटंही बोलत नसतो. खांबावरचा क्रमांक किंवा भूखंडावरची पाटी फोटोत घ्या आणि तक्रार जागामालक आणि पालिका दोघांनाही एकाच पत्राने करा. आचारसंहिता लागू झाल्यापासून सरकारी मालमत्तेवरचे फलक २४ तासांत, सार्वजनिक जागेवरचे ४८ तासांत आणि खाजगी मालमत्तेवरचे बेकायदा फलक ७२ तासांत उतरले पाहिजेत. कोणत्या मालमत्तेवर आहे हे तुम्ही लिहिलं नाही, तर कुठलं घड्याळ लावायचं हेच ठरत नाही.

चार, आकार. अंदाजाने लिहा, पण लिहाच. खर्च चौरस फुटावर काढला जातो आणि दर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी पक्षांशी बोलून जाहीर केलेल्या दरपत्रकातले लागतात. त्यात फ्लेक्सपासून चहा-वडापावपर्यंत सगळं असतं. समजण्यापुरतं एक गणित: फ्लेक्स १२ रुपये चौरस फूट धरला, तर १० × २० फुटांचा एक फलक २४०० रुपयांचा. चौकट आणि मजुरी १५०० धरली तर ३९००. असे १५० फलक म्हणजे ५ लाख ८५ हजार. जागेचं भाडं यात नाही. उमेदवाराने वहीत ४० फलक दाखवले आणि तुमच्या सोसायट्यांच्या गटाने तारीख-ठिकाणासह ११० मोजले, तर फरक ७० फलकांचा, म्हणजे २ लाख ७३ हजारांचा. तक्रार अशी आकड्यांत आली की खर्च पथकाला ती बाजूला सारता येत नाही.

फोटोबद्दल थोडं सविस्तर, कारण पुरावा इथेच बिघडतो. सी-व्हिजिलमध्ये ॲपमधूनच काढलेला फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ चालतो. गॅलरीतला जुना चालत नाही. ठिकाण आपोआप नोंदलं जातं आणि १०० मिनिटांत कारवाईचं उद्दिष्ट असतं. नाव न देता तक्रार करता येते, पण मग पुढे काय झालं ते कळत नाही. शक्यतो नाव द्या. ॲपशिवाय फोटो काढत असाल तर एक जवळून, ज्यात कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचता येतील, आणि एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा चौक ओळखू येईल. मूळ फाइल फोनमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरवलेल्या फोटोतली वेळ-ठिकाणाची माहिती गळून जाते. प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मूळ फाइल असलेल्यालाच नीट देता येतं.

मोबाइलवरचा प्रचार

टीव्ही, केबल, एफएम, सिनेमागृह, ई-पेपर, चौकातल्या एलईडी, समाजमाध्यमं, एकगठ्ठा एसएमएस आणि रेकॉर्ड केलेले फोन, या सगळ्यातल्या राजकीय जाहिरातीला आधी प्रमाणपत्र लागतं. मूळ आदेश सर्वोच्च न्यायालयाचा, १३ एप्रिल २००४ चा. समाजमाध्यमं त्यात २०१३ पासून आली. प्रमाणपत्र देते जिल्ह्याची माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती, म्हणजे एमसीएमसी. पक्ष आणि उमेदवारांनी प्रसारणाच्या किमान ३ दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी ७ दिवस आधी. सोबत जाहिरातीच्या दोन प्रती, त्यातल्या मजकुराची साक्षांकित लेखी प्रत आणि खर्चाचा तपशील. छापील वर्तमानपत्राला एरवी हे लागत नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी आणि मतदानादिवशी लागतं. स्वतःच्या पानावर उमेदवाराने फुकट टाकलेली पोस्ट जाहिरात धरत नाहीत, पण पैसे देऊन पुढे ढकललेली धरतात, आणि मजकूर बनवणाऱ्या टीमचा पगारसुद्धा खर्चात येतो.

पैसे दिलेत की नाही हे घरबसल्या बघता येतं. मेटाच्या ‘ॲड लायब्ररी’त देश भारत निवडा, विभाग राजकीय जाहिरातींचा, आणि पानाचं नाव टाका. ‘पैसे कोणी दिले’, खर्च साधारण किती ते किती, किती लोकांना दिसली, कोणत्या वयोगटाला, हे सगळं दिसतं. राजकीय जाहिराती तिथे सात वर्षं राहतात. गूगलचं जाहिरात पारदर्शकता केंद्र यूट्यूबसाठी. प्रत्येक जाहिरातीला क्रमांक असतो; स्क्रीनशॉटसोबत तो क्रमांक आणि दुवा लिहून ठेवा, कारण रील काढून टाकली तरी क्रमांकावरून माग लागतो.

खरी अडचण उमेदवाराच्या पानाची नाहीच. ‘अमुक प्रभागाचा आवाज’, ‘आपलं तमुक नगर’ अशी पानं असतात. त्यांवर पक्षाचं चिन्ह नसतं, उमेदवाराचं गुणगान मात्र रोज. तक्रार करताना ‘हे पान त्याचंच आहे’ असं सिद्ध करत बसू नका. ते जमणार नाही. उलट निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना एवढंच लिहा: ही जाहिरात उमेदवाराच्या लेखी परवानगीने झाली का, हे त्याला लेखी विचारावं. ‘हो’ म्हणाला तर खर्च त्याच्या वहीत चढतो. ‘नाही’ म्हणाला तर पैसे देणारा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ मध्ये अडकतो. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्यासाठी प्रचारखर्च करणं हा १० हजारांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. दोन्ही वाटांनी कागद तयार होतो. फक्त प्रतिस्पर्ध्याची बदनामी करणाऱ्या जाहिरातीत ही युक्ती लंगडी पडते, कारण कलम ‘निवडून आणण्यासाठी’ केलेल्या खर्चाचं आहे आणि फायदा कोणाला झाला हे वेगळं दाखवावं लागतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला आवाज किंवा चेहरा असेल, तर भारत निवडणूक आयोगाच्या ऑक्टोबर २०२५ च्या सूचनेप्रमाणे चित्राच्या किमान १० टक्के भागावर, आणि ध्वनी असेल तर सुरुवातीच्या १० टक्के वेळात, तसं स्पष्ट सांगितलं पाहिजे. नियमभंग करणारा मजकूर पक्षाच्या खात्यावर असेल, तर लक्षात आणून दिल्यापासून तीन तासांत काढायचा.

बातमीच्या वेशातल्या जाहिरातीचा पुरावा एकच असतो, पण पक्का: एकाच दिवशी दोन वर्तमानपत्रांत शब्दाला शब्द तीच ‘बातमी’. दोन्ही अंक जपून ठेवा आणि एमसीएमसीला द्या. पेड न्यूज ठरलं तर सरकारी जाहिरातदराने खर्च धरला जातो.

वही बघायचा तुमचा हक्क

प्रत्येक उमेदवाराला अर्जाच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खातं उघडावं लागतं. एका व्यक्तीला किंवा दुकानाला पूर्ण निवडणुकीत मिळून १० हजारांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. रोजच्या खर्चाची पांढरी, रोखीची गुलाबी आणि बँकेची पिवळी पानं, अशी वही असते. प्रचारकाळात ती किमान तीनदा तपासायला आणावी लागते. दुसरीकडे खर्च पथक स्वतःची छाया निरीक्षण नोंदवही ठेवतं: व्हिडिओ पथकाने टिपलेल्या सभा, भरारी पथकाचे अहवाल, मोजलेले फलक. तपासणीत दोन्ही वह्या जुळवतात. तफावत निघाली तर उमेदवाराला नोटीस जाते.

तुमचं काम ही तफावत दिसेल असं करणं. तपासणीची तारीख जिल्हा निवडणूक कार्यालयाकडून माहीत करून घ्या आणि तुमची यादी त्याच्या दोन दिवस आधी पोहोचवा. तपासणी झाल्यावर दिलेली यादी पुढच्या फेरीपर्यंत पडून राहते, आणि शेवटच्या तपासणीनंतर दिली तर निकालानंतरच्या हिशोब जुळवणीत जाते, जिथे कोणाला घाई नसते. वह्यांच्या पानांच्या प्रती जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर टाकायच्या असतात. निकालापासून ३० दिवसांत अंतिम हिशोब द्यायचा. तो कोणालाही बघता येतो आणि नक्कल मिळते. निवडणूक नियम, १९६१ मधलं हिशोब बघण्याचं शुल्क आहे एक रुपया. हिशोब मुदतीत आणि योग्य रीतीने दिला नाही आणि सबळ कारणही नसेल, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०अ खाली तीन वर्षं अपात्रता.

याचिकेची मुदत मात्र अजिबात सैल नाही: विधानसभा-लोकसभेला निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात, महापालिकेला अवघ्या १० दिवसांत. ज्यांना तिथपर्यंत जायचं आहे त्यांनी निकालानंतर कागद गोळा करायला सुरुवात केली तर हातात काही लागत नाही.

निवडून गेल्यानंतर: ‘यांच्या विशेष प्रयत्नातून’

प्रश्नातला दुसरा भाग जाब विचारण्याचा. जाहीरनाम्यातलं आश्वासन मोडलं म्हणून कोर्ट कोणाला घरी पाठवत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्याचा भाग आला. आश्वासनामागे पैसा कुठून येणार हे ढोबळमानाने सांगावं, एवढंच तो म्हणतो.

पण पाच वर्षांतली सगळ्यात मोठी जाहिरात जाहीरनाम्यात नसते. ती रस्त्यावर असते: ‘यांच्या विशेष प्रयत्नातून’, ‘यांच्या अथक पाठपुराव्याने’. श्रेयवादाचे हे फलक तपासणं सोपं आहे, कारण प्रत्येक कामामागे निधीचं लेखाशीर्ष असतं. पैसे पालिकेच्या अंदाजपत्रकातले, आमदार स्थानिक विकास निधीतले (महाराष्ट्रात वर्षाला ५ कोटी), खासदार निधीतले (तोही ५ कोटी), जिल्हा नियोजन समितीचे की एमएमआरडीएचे, हे कागदावर लिहिलेलं असतं. पाच-सहा फलक लागलेल्या एका गटारामागेही प्रशासकीय मान्यता एकच असते. आणखी एक गोष्ट इथे उपयोगी पडते: नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळातलं काम कोणी ‘नगरसेवक म्हणून’ मंजूर करून घेतल्याचं सांगत असेल, तर मंजुरीची तारीख विचारा.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत, ही अट आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. ‘प्रभागात काय कामं झाली’ असं विचारलं की ‘माहिती विस्तृत आहे, कार्यालयात येऊन पाहणी करावी’ हे उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा असं लिहा:

‘सेक्टर अमुक, प्लॉट क्रमांक अमुक ते अमुक या रस्त्याच्या पदपथाच्या कामाबाबत, काम सुरू झाल्यापासून आजपर्यंत: (१) प्रशासकीय मान्यता आदेशाची प्रत, (२) निधीचं लेखाशीर्ष, (३) कार्यादेशाची प्रत, (४) मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, (५) अदा केलेल्या देयकांच्या प्रती, (६) दोषदायित्व कालावधी कधी संपतो.’

चौथा आणि सहावा मुद्दा सोडू नका. मोजमाप पुस्तिकेत किती मीटर काम झाल्याचं लिहिलंय ते टेप घेऊन मोजता येतं. दोषदायित्व कालावधी चालू असेल तर उखडलेले पेव्हर ब्लॉक ठेकेदाराने फुकट बसवायचे असतात. तिथे नव्या निधीचा नारळ फुटत असेल तर तोच प्रश्न जाहीरपणे विचारा. आमदार निधीच्या कामाचा अर्ज पालिकेत नाही, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे करायचा. उत्तर ३० दिवसांत. आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं. ते जातं राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात. तिथे सुनावणीला वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलालाच जोर लावावा. माहिती बहुतेक वेळा तिथेच सुटते.

काय बदलायला हवं

विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात दोन शिफारशी केल्या होत्या, ज्या मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. खर्चाचं घड्याळ अर्ज भरल्यापासून नव्हे तर निवडणुकीच्या अधिसूचनेपासून सुरू करावं. आणि सभागृहाची मुदत संपण्याआधीचे सहा महिने सरकारी खर्चाच्या जाहिरातींवर बंधन घालावं. दुसरी जास्त निकडीची. सरकारी जाहिरातीत फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांची छायाचित्रं चालतील असं सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ ला सांगितलं, आणि दहाच महिन्यांत, मार्च २०१६ मध्ये, ती यादी मुख्यमंत्री आणि मंत्र्यांपर्यंत वाढली. करदात्याच्या पैशाने छापलेला चेहरा कोणत्याही उमेदवाराच्या वहीत चढत नाही.

पक्षखर्चाला मर्यादा हवी, हे सगळे म्हणतात. संसदेत ते करणारेही पक्षच, म्हणून मी त्याची वाट बघायला सांगणार नाही. दंड मात्र फलकाच्या आकाराशी जोडायला हवा. २००० रुपयांचा दंड वरच्या गणितातल्या एका फलकापेक्षा स्वस्त आहे; लावणाऱ्यासाठी ते भाडंच झालं.

खरं-खोटं ठरवणारी समिती नेमावी, ही मागणी वारंवार होते. मला ती धोक्याची वाटते. समिती नेमणार कोण, आणि दहा दिवसांच्या प्रचारात ती निकाल देणार कधी? त्याऐवजी जाहिरातीत आकडा वापरला, मग तो घरांचा असो, कोटींचा किंवा किलोमीटरचा, तर त्याचा आधार असलेला कागद एमसीएमसीकडे जमा करायची सक्ती करावी. निकाल कोणी द्यायचा नाही; कागद फक्त लोकांसमोर ठेवायचा. पाणीप्रश्न सुटल्याचं सांगणाऱ्याला मग जलवाहिनीचा कार्यादेश जोडावा लागेल.

यातलं एक काम दिल्ली-मुंबईकडे न बघता ठाणे आणि नवी मुंबईत होऊ शकतं. तात्पुरत्या फलकाची प्रत्येक परवानगी पालिकेच्याच दप्तरी असते: अर्जदार, आकार, जागा, किती दिवस, भरलेलं शुल्क. ही यादी दर आठवड्याला संकेतस्थळावर टाकायला कायदा बदलावा लागत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये आपणहून माहिती जाहीर करण्याचं बंधन आधीच आहे. वाढदिवसाचा फलक यादीत नसेल तर तो बेकायदा, असेल तर पैसे भरणाऱ्याचं नाव समोर. आता सहा वर्षांनी नवी मुंबईत आणि चार वर्षांनी ठाण्यात सभागृह पुन्हा भरलं आहे. तुमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना सोसायटीच्या लेटरहेडवर एकच पत्र द्या: सर्वसाधारण सभेत याचा ठराव मांडणार का, हो की नाही. पोचपावती चारही पत्रांवर वेगवेगळी घ्या.